पडेल पत्ते : एक समीक्षा

मराठीत कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, कादंबरीची होते आणि कोणी फारच रिकामा असला तर समीक्षेचीही होते. पण ट्रम्प कार्डांची समीक्षा केलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. साहित्याच्या प्रांतात मला कोणी दारात उभं करत नाही, तेव्हा हा मोकळा प्लॉट दिसल्याबरोबर त्याला कुंपण घालून टाकावं असं मी ठरवलं आहे. या विषयातली माझी पात्रता एवढीच, की वाटणीत माझ्याकडे कायम पडेल पत्ते आले आणि ते हातात धरून मी लागोपाठ तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्या हरलो. समीक्षक व्हायला याहून जास्त काय लागतं?

ज्यांच्या नशिबात हा खेळ आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पत्त्यावर एक चित्र आणि त्याखाली आकड्यांचे रकाने. पत्ते निम्मे-निम्मे वाटायचे. ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या वरच्या पत्त्यातला एक रकाना पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचा पत्ता खायचा आणि पुन्हा आपणच पुकारायचं. ज्याचे पत्ते संपले तो हरला. थोडक्यात, ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळतं आणि ज्याच्याजवळ नाही त्याचं असलेलंही जातं. पुढे नोकरीला लागल्यावर हा खेळ मला नव्यानं शिकावा लागला नाही.

१९८८च्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आमच्या भाषेत गड्ड्यात, मला विमानांची ट्रम्प कार्डं मिळाली. वेग, पल्ला, वजन, इंजिनं असे रकाने होते. दोन दिवसांत आम्हाला विमानांचा कंटाळा आला. कारण सोलापुरात विमानाबद्दल भांडण्याइतकं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. त्याच आठवड्यात मद्रासच्या कसोटीत नरेंद्र हिरवाणी नावाच्या चष्मेवाल्या पोरानं पदार्पणातच वेस्ट इंडीजचे सोळा बळी घेतले, १३६ धावांत १६. झालं! विमानं गेली खड्ड्यात, आपण क्रिकेटचे पत्ते करायचे, असा ठराव गल्लीत एकमतानं मंजूर झाला.

पुठ्ठ्याची सोलापुरात कधीच ददात नव्हती. चादरी ज्या खोक्यातून येतात ती खोकी नव्या पेठेतल्या दुकानांतून मागून आणली. आकडे रद्दीवाल्याकडच्या क्रीडा-पाक्षिकांतून मिळाले. अक्षर पूर्व भागातल्या एका तेलुगू मित्राचं, कारण त्याचं मराठी अक्षर आम्हा मराठी पोरांपेक्षा चांगलं होतं. आणि सरासऱ्या काढायचं काम माझ्याकडे. सामने, धावा, सर्वोच्च, सरासरी, शतकं, बळी, झेल असे सात रकाने ठरले. तेव्हा, वाचकहो, हे आधीच कबूल करतो की मी ज्या कलाकृतीवर टीका करणार आहे तिचा एक चतुर्थांश लेखक मीच आहे. मराठीत स्वतःच्या पुस्तकाचं परीक्षण दुसऱ्या नावानं लिहायची पद्धत आहे. मी निदान माझ्याच नावानं लिहितो आहे.

आता पडेल पत्त्यांकडे वळू. आमच्या संचातला सर्वांत बदनाम पत्ता भागवत चंद्रशेखरचा. सामने ५८, धावा १६७, सर्वोच्च २२, सरासरी ४.०७, शतकं अर्थातच शून्य. वाटणीत तो आला की समोरच्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळायचं. "काय बे, परत चंद्रा?" असं म्हणून तो आनंदानं "धावा!" असं ओरडायचा आणि चंद्रा जायचा. हिरवाणीचंही तेच. मनिंदरसिंगचं तेच. मनिंदरची कारकीर्द संपली तेव्हा ३५ कसोटींत त्याच्या ९९ धावा होत्या. म्हणजे त्याचं शतक हुकलं, पण ते हुकायला त्याला अख्खी कारकीर्द लागली.

मात्र बारकाईनं वाचणाऱ्या समीक्षकाच्या लक्षात येईल, की चंद्रा हा खरा पडेल पत्ता नव्हेच. त्याचे बळी २४२. पाळी आपली असेल तर "बळी" म्हणायचं, आणि समोर बेदी किंवा कपिलदेव निघाला नाही तर पत्ता आपला. चंद्रा हा एका विषयात पहिला येऊन बाकीच्यांत नापास होणारा विद्यार्थी. खरा पडेल पत्ता तो, की ज्याला एकही रकाना वाचवू शकत नाही. तो म्हणजे एकनाथ सोलकर.

सोलकरचे सामने २७, धावा १०६८, सरासरी २५.४२, शतक १, बळी १८. कुठलाही रकाना पुकारा, कोणी ना कोणी त्याला खाणारच. "पण झेल!" असं जाणकार म्हणतील. झेल ५३. समोर गावसकर निघाला तर त्याचे १०८. गेला सोलकर! आता गावसकरनं ते १०८ झेल १२५ सामन्यांत घेतले आणि सोलकरनं ५३ झेल २७ सामन्यांत. म्हणजे दर सामन्याला जवळजवळ दोन. तेही डोक्यावर शिरस्त्राण नसताना, फलंदाजाच्या बॅटीपासून हाताच्या अंतरावर उभं राहून. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्याचा हा मुलगा. त्याचं उभं राहणं बघूनच फलंदाज चुकायचे. पण "उभं राहणं" असा रकाना आमच्या पत्त्यावर नव्हता.

सदानंद विश्वनाथची तर त्याहून वाईट कथा. कसोटी ३, धावा ३१. हा पत्ता ज्याच्याकडे जाईल त्यानं मुकाट्यानं पुढे करावा असा अलिखित नियमच होता. आता १९८५ साली ऑस्ट्रेलियात आपण जी जागतिक स्पर्धा जिंकलो, तीत यष्टीमागे हाच होता. अंतिम सामन्यात शिवरामकृष्णनच्या चेंडूवर मियाँदाद पुढे सरसावला आणि मागे वळून बघेपर्यंत विश्वनाथनं यष्ट्या उडवलेल्या होत्या. ते चित्र ज्यानं टीव्हीवर पाहिलं तो ते जन्मात विसरला नाही. पत्त्यावर मात्र ३, ३१ आणि आमची कुत्सित हसणी.

तर ट्रम्प कार्ड या वाङ्मयप्रकारावर माझा पहिला आक्षेप असा, की तो बेरजेचा खेळ आहे. जो जास्त दिवस टिकला तो मोठा. सरकारी कचेरीत हिला सेवाज्येष्ठता म्हणतात. दुसरा आक्षेप असा, की बेरजेत प्रसंग हरवतो. तुमच्या २४२ बळींतले सहा ओव्हलवरचे होते, की कोणाच्या लक्षातही नसलेल्या रटाळ सामन्यातले, याची पत्त्याला पर्वा नाही. आणि तिसरा आक्षेप, या खेळात नशीब फक्त वाटणीपुरतं. एकदा पत्ते वाटले आणि रकाना पुकारला, की काय होणार ते छापलेलंच असतं. चंद्रानं गावसकरला धावांत हरवलं असं हजार डाव खेळलात तरी होणार नाही. खऱ्या मैदानावर मात्र असले प्रकार होत असतात. न्यूझीलंडचा डॅनी मॉरिसन घ्या. कसोटीत चोवीस वेळा शून्यावर बाद झालेला माणूस. १९९७च्या जानेवारीत ऑकलंडला इंग्लंड जिंकल्यातच जमा असताना हा शेवटचा गडी आला आणि पावणेतीन तास उभा राहिला. नाबाद १४! पलीकडे नेथन अ‍ॅस्टलचं शतक झालं, दोघांनी नाबाद १०६ धावा जोडल्या, सामना वाचला. आणि ती मॉरिसनची शेवटची कसोटी ठरली. ट्रम्प कार्डात हे बसवून दाखवा!

याच्या अगदी उलट संप्रदाय म्हणजे पुस्तक-क्रिकेट. गणिताच्या तासाला इतिहासाचं पुस्तक मांडीवर उघडायचं. डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आला की बाद. आठाला आमच्या शाळेत एक धाव धरत. पुस्तक-क्रिकेटात सगळे समान. मी एकदा हिशेब केला : पाचांत एकदा बाद, म्हणजे सरासरी चार फटके आणि मग शून्य. २, ४, ६ आणि १ यांची सरासरी सव्वातीन. सव्वातीन गुणिले चार, तेरा. म्हणजे पुरेसे डाव खेळलात तर गावसकरची सरासरी १३ आणि चंद्रशेखरचीही १३! असं रामराज्य खुद्द रामालाही जमलं नसेल. पण त्यात गंमत अशी, की कोण खेळतंय याला काही अर्थच उरत नाही. चंद्रानं माझ्या इतिहासाच्या पुस्तकात एकदा द्विशतक ठोकलं होतं. त्याचा आनंद चंद्राचा म्हणून झालाच नाही, कारण ते पानिपतच्या लढाईचं होतं. पुस्तक सारखं त्याच पानावर उघडत होतं आणि त्या पानाचा क्रमांक सहावर संपत होता.

तेव्हा एकीकडे ठाम नियती आणि दुसरीकडे निव्वळ अंदाधुंदी, असे दोन पंथ. यांतला मधला रस्ता आम्हाला सुचला नाही. तो सुचला आमच्या अण्णांना.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गिरणीत हिशेबखात्यात होते. संध्याकाळी घरी आले की शर्ट खुंटीला लावून चहा घेता घेता आमचा डाव बघायचे. एकदा मी चंद्राचा पत्ता "हा पडेल" म्हणून फेकला. त्यांनी तो उचलला, चष्मा वर केला आणि विचारलं, "याला पडेल कोण म्हणतंय रे?"

"अण्णा, सरासरी चार आहे त्याची. मीच काढलीय."

"बरोबर काढलीयस. पण १९७१ साली ओव्हलवर काय केलं ते कुठं लिहिलंय?"

आणि मग बशीतला चहा निवेपर्यंत त्यांनी ती दुपार सांगितली. लहानपणीच पोलिओनं अधू केलेला उजवा हात. त्याच हातानं टाकलेले, कुठे वळतील हे टाकणाऱ्यालाही माहीत नसलेले चेंडू. ३८ धावांत ६ बळी. इंग्लंड सर्वबाद १०१. शॉर्ट लेगला पुढे झेपावून सोलकरनं घेतलेला नॉटचा झेल. आणि दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी विजय. "प्रसंग म्हणून एक रकाना काढा," अण्णा म्हणाले.

आम्ही काढला. त्यानंतर आमचा खेळ साफ बिघडला. "प्रसंग" पुकारला की दोघांनी आपापल्या खेळाडूचा प्रसंग सांगायचा आणि बाकीच्यांनी कौल द्यायचा. एका पत्त्याला अर्धा तास लागू लागला. सोलकर गावसकरला खाऊ लागला. विश्वनाथच्या पत्त्यासाठी अदलाबदलीत दोन-दोन फलंदाज द्यायला पोरं तयार झाली. एक जण तर भाऊसाहेब निंबाळकरांचा पत्ता करून घेऊन आला. सामने शून्य, धावा शून्य, बळी शून्य, झेल शून्य! कारण हा माणूस कधी कसोटी खेळलाच नाही. पण प्रसंग : डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड, नाबाद ४४३, ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम मोडायला दहा धावा हव्यात, तर काठेवाडनं सामनाच सोडून दिला. या पत्त्याला आमच्या गल्लीत कोणी खाऊ शकलं नाही. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर, आकडे हा घाट झाला. आशय अण्णांच्या रकान्यात होता. मात्र घाट सोडला की डाव जेवणापर्यंत संपत नाही, हेही खरं, आणि आईनं ते वेळोवेळी मोठ्या आवाजात निदर्शनाला आणून दिलं.

त्याच वर्षी माझा नववीच्या सहामाहीचा निकाल लागला. गणितात २७. शंभरांपैकी. चंद्रशेखरची सरासरी दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक काढणारा मी गणितात नापास झालो होतो. प्रगतिपुस्तक हातात घेतलं तेव्हा प्रथमच मला कळलं, की पत्त्याला कसं वाटत असेल. रकाने तसेच. आकडे तसेच. आणि शेजारच्या पोराचं प्रगतिपुस्तक कुठल्याही रकान्यात मला खाणार हेही तसंच.

अण्णांनी प्रगतिपुस्तक बराच वेळ पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चादरीच्या खोक्याचा उरलेला पुठ्ठा घेतला, पट्टी लावून आमच्या मापाचा पत्ता कापला आणि आपल्या हिशेबनिसाच्या अक्षरात लिहिलं : "खेळाडू : उम्रीगर. इंग्लंड दौरा, १९५२. कसोटी ४, डाव ७, धावा ४३, सरासरी ६.१४."

"आपला पॉली?" मी विचारलं. आपला म्हणजे काय, की उम्रीगरचं बालपण सोलापुरात गेलं. त्याच्या वडिलांचा इथे कपड्यांचा व्यवसाय होता. सोलापूरकरांनी नाव घ्यायचं म्हटलं की सिद्धेश्वर, चादर, शेंगाचटणी आणि पॉली, या क्रमानं घ्यायचं असा रिवाज आहे. आमच्या संचात त्याचा पत्ता हुकमाचा होता : ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं.

"आपलाच," अण्णा म्हणाले. "मी तुझ्याएवढा होतो तेव्हा. ट्रूमन टाकायला लागला की हा लेगच्या बाजूला सरकायचा. गावात पोरंसुद्धा हसायची. मँचेस्टरला एका दिवसात आपला संघ दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. लोक म्हणाले, संपला."

"मग?"

"मग काय? पुढच्या दौऱ्याचं बघितलं त्यानं."

पुढचं मला ठाऊकच होतं, पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकलं. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, भारतीयाचं पहिलं कसोटी द्विशतक. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस हॉलसमोर पहिल्या डावात ५६, दुसऱ्या डावात नाबाद १७२, आणि वर १०७ धावांत ५ बळी. सामना आपण तरीही हरलो. पण वेगवान गोलंदाजीला घाबरतो असं ज्याच्याबद्दल दहा वर्षं बोललं गेलं, त्यानं उत्तर दिलं ते हॉलला. निवृत्त झाला तेव्हा भारतातर्फे सर्वाधिक कसोटी, सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक शतकं त्याच्याच नावावर होती.

पुष्कळ वर्षांनी माझा अमेरिकेतला भाचा सुट्टीत आला तेव्हा एक खोकं घेऊन आला. बेसबॉलचा पत्त्यांचा खेळ. लँकेस्टर नावाच्या गावातल्या सेट्झ या गृहस्थानं १९५१ साली 'आपबा' नावानं असा एक खेळ काढला आणि १९६१ साली हॅल रिचमन यानं 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' नावाचा दुसरा. प्रत्येक खेळाडूचा पत्ता. पण रकान्यांची तुलना नाही, सोबत फासे. आपबात दोन फासे टाकायचे, एक दशमाचा, एक एककाचा. ११पासून ६६पर्यंत छत्तीस शक्यता, आणि कुठल्या आकड्याला काय होणार ते ज्याच्या-त्याच्या पत्त्यावर. चांगल्या फलंदाजाच्या पत्त्यावर चांगल्या गोष्टी जास्त, वाईटाच्या पत्त्यावर कमी. पण ६६ पडलं की बहुतेकांचं भाग्य उघडतं. अमेरिकेत मारियो मेंडोझा नावाचा खेळाडू होता. क्षेत्ररक्षणात वाघ, पण बॅट हातात घेतली की आपला चंद्रा. वाईट फलंदाजीची सीमारेषा म्हणून तिकडे त्याचंच नाव देतात, 'मेंडोझा लाइन'. कारकिर्दीत त्याचे होमरन चार. पण हिशेबात चार म्हणजे शून्य नव्हे, आणि या खेळाला तेवढं गणित कळतं. मी फासे टाकायचो आणि पडेल फलंदाजाला ६६ पडावं म्हणून सिद्धेश्वराला हात जोडायचो. भाच्याला वाटायचं, मामाला डोळ्याचा काही त्रास आहे.

पण मला खरी दाद द्यावीशी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीला. या खेळांत पत्ता मुख्यतः एका मोसमाचा निघतो. या वर्षी तुम्ही भिकार खेळलात तर या वर्षीचा पत्ता भिकार. त्यात दयामाया नाही. पण पुढच्या वर्षी पत्ता नवा. आमच्या ट्रम्प कार्डापेक्षा हे जास्त निष्ठुर आणि जास्त माणुसकीचं आहे. भाच्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बिस्किटांचा जुना डबा काढला आणि अण्णांनी कापलेला १९५२चा पत्ता त्याला दाखवला.

"हा तुमचा गेम कोणी डिझाइन केला?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आजोबांनी. चहा पिता पिता."

अण्णांची गिरणी पुढे बंद पडली. देणी मिळायला वर्षं गेली. ते नव्या पेठेत दोन कापड दुकानांची खाती लिहायला जाऊ लागले आणि कोणी सहानुभूती दाखवायला आलं की त्यालाच शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढायचे. त्यांच्या पत्त्यावरचे आकडे मी कधी मांडून बघितले नाहीत. सरासऱ्या काढायचं काम मी त्याआधीच सोडून दिलं होतं.

राहिला माझा निकाल. वार्षिक परीक्षेत गणितात मला ३६ पडले. कडेलोटाहून एक पाऊल अलीकडे. ट्रम्प कार्डाच्या दृष्टीनं हा आकडा वर्गात जवळजवळ कोणालाच खाऊ शकत नव्हता. अण्णांनी त्या दिवशी पाव किलो पेढे आणले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो, पहिला आला वाटतं?"

"छे हो," अण्णा पेढा पुढे करत म्हणाले, "दौरा सुधारला."